वाळूतले सोने आणि गाठीचे सोने

नगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) कर्जत तालुका हा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस झाला आणि कुकडीचे आवर्तन वेळेवर आले तर पीक, नाही तर पुण्या-मुंबईची वाट. या तालुक्यातील आपले कितीतरी तरुण बांधव मुंबईत कामधंद्याला आहेत. 6 डिसेंबरला एस.टी.ने किंवा दौंडहून रेल्वेने चैत्यभूमीला जाणारेही पुष्कळ. त्यामुळे गाव कोरडवाहू असले तरी दादरचा समुद्र त्यांना परका नाही.

अलीकडे या तरुणांच्या मोबाईलवर एक नवे दृश्य दिसू लागले आहे. परदेशातला कोणी मनुष्य कानाला हेडफोन लावून, दांड्याच्या टोकाला बसवलेली ताटाएवढी चकती वाळूवरून फिरवतो. आवाज होतो, तो वाळू उपसतो आणि हातात सोन्याची अंगठी येते. हे पाहून "असे यंत्र कोणते घ्यावे? आपल्या किनाऱ्यावर ते चालेल काय?" अशी विचारणा होत आहे.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांगल्या यंत्राची किंमत शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी असते. एवढी रक्कम उभी करायची तर बचत गटाचे कर्ज निघते, नाही तर घरातील स्त्रीचे डोरले सोनाराकडे गहाण पडते. वाळूतले न दिसणारे सोने शोधण्यासाठी गाठीचे दिसणारे सोने घालवावे काय, हा खरा प्रश्न आहे. म्हणून हा लेख तरुणांइतकाच घरातील माता-भगिनींनीही वाचावा.

यंत्र चालते कसे?

या यंत्राला मेटल डिटेक्टर म्हणजे धातुशोधक म्हणतात. चकतीमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यातही लहानसे प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. दुसरे वेटोळे ते टिपते व यंत्र आवाज करते. यात मंत्र नाही, तंत्र नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा तेवढा आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. यंत्राला सोने ओळखता येत नाही. वीज वाहून नेणारी कोणतीही वस्तू त्याला जाणवते. सोन्याची पातळ नथ आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा अॅल्युमिनियमचा तुकडा यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. यंत्राला "पत्रा सोडून दे" असे सांगितले, तर ते बारीक सोनेही सोडून देते.

1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी शरीरातील गोळी शोधण्यासाठी असेच यंत्र तयार केले होते. यंत्र खरे होते, परंतु गोळी सापडली नाही. त्याचे एक कारण असे सांगितले जाते की, रुग्णाच्या पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि यंत्राने त्यांचाच आवाज दिला. म्हणजे चांगले यंत्रसुद्धा ज्या जागेवर वापरायचे त्या जागेने फसते. समुद्रकिनाऱ्यावर नेमके हेच घडते.

खारे पाणी आणि काळी वाळू

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. त्यामुळे ओली खारी वाळू ही यंत्राला धातूच्या पातळ पत्र्यासारखी भासते आणि ते सारखे कुरकुरत राहते. हा एक शत्रू.

दुसरा शत्रू म्हणजे काळी वाळू. रत्नागिरीजवळ मांडवीच्या किनाऱ्याला लोक काळा समुद्र म्हणतात, तो या वाळूमुळेच. हिच्यात इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोहयुक्त खनिजे असतात. मॅग्नेटाइट तर चुंबकाला चिकटणारे. तेही यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात गडबड करते.

ही काळी वाळू आली कोठून? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन दख्खनचा काळा पाषाण बनला. तोच झिजून कोकणात काळी वाळू झाली आणि तोच कुजून कर्जतची काळी माती झाली. मांडवीची वाळू आणि सीनाकाठची माती ही एकाच आईची लेकरे आहेत. तेव्हा कर्जतच्या माणसाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही.

या पाषाणात सोन्याची खाण मात्र नाही. सोने कर्नाटकातील कोलार व हट्टी येथील फार जुन्या खडकांत सापडले. त्यांपैकी कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली. आपल्या किनाऱ्यावरील वाळूत मिळाले तर मिळेल ते कोणाचे तरी हरवलेले दागिनेच.

सोने आणि काळी वाळू एकत्र सापडण्याचे कारणही साधे आहे. शुद्ध सोने पाण्याच्या 19 पट जड, मॅग्नेटाइट सुमारे 5 पट, तर साधी वाळू अडीच पटीहून थोडी अधिक. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड वस्तू मागे एकत्र राहतात. हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात पंसुधोवकाचे, म्हणजे माती धुऊन सोने काढणाऱ्याचे सुत्त आहे. तो आधी मोठे खडे, मग बारीक खडे आणि शेवटी बारीक वाळू व काळी धूळ धुऊन काढतो, असा दृष्टान्त तथागतांनी चित्तशुद्धीसाठी दिला आहे. सर्वांत शेवटपर्यंत सोन्याला चिकटून राहते ती ही काळी धूळच. आजच्या यंत्राची अडचणही तीच आहे.

तीन जातींची यंत्रे

आता निवडीकडे वळू. बाजारात तीन मुख्य जाती आहेत.

पहिली, एकाच वारंवारतेवर चालणारी. गॅरेट कंपनीचे एटी प्रो हे यंत्र 15 किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालते. अशा यंत्राला जमिनीशी जुळवून घेता येते, म्हणजे जमिनीचा आवाज दाबून फक्त धातूचा आवाज ऐकता येतो. शेतात, गोड्या पाण्याच्या काठी किंवा समुद्राच्या कोरड्या वाळूवर ते काम देते. परंतु खारटपणा एका प्रकारे ओरडतो आणि काळी वाळू दुसऱ्या प्रकारे. एका वारंवारतेचे यंत्र एका वेळी एकालाच गप्प करू शकते. ओल्या काळ्या वाळूवर एकाला दाबले की दुसरा बोलतो. यंत्र पाण्यात बुडाले तरी बिघडत नाही, एवढ्यावरून ते समुद्रासाठी योग्य आहे असे समजू नये.

दुसरी जात एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी. निरनिराळ्या वारंवारतांना मीठ, खनिज आणि धातू वेगवेगळे उत्तर देतात. त्या उत्तरांची तुलना करून यंत्र मीठ व खनिज दोन्ही वजा करते. ऑस्ट्रेलियाच्या मिनेलॅब कंपनीचे 2018 साली आलेले इक्विनॉक्स 800 आणि तुर्कस्तानच्या नोक्ता कंपनीचे 2022 मधील लेजंड ही या जातीची यंत्रे. दोन्ही तीन मीटर पाण्यापर्यंत चालतात. लोखंड कोणते आणि इतर धातू कोणता, याचा बऱ्यापैकी अंदाजही ती देतात.

तिसरी जात स्पंदन यंत्रांची. ही विजेचा जोराचा ठोका देतात, थांबतात आणि नंतर जमिनीतून येणारा प्रतिसाद किती वेळाने विझतो ते ऐकतात. काळ्या वाळूचा त्रास यांना फार कमी होतो. मिठाचा प्रतिसाद लवकर विझतो, म्हणून थोडे थांबून ऐकले की मीठही बाजूला पडते. गॅरेटचे सी हंटर मार्क 2 हे या जातीचे असून पाणबुडेही ते वापरतात. परंतु दोन उणिवा आहेत. बारीक सोन्याचा प्रतिसादही लवकर विझतो, त्यामुळे मिठाबरोबर तेही निसटते. शिवाय खिळा आणि अंगठी यांतला फरक यंत्र भरवशाने सांगत नाही. दिवसभर खिळे आणि बाटल्यांची बुचे उकरण्याची तयारी ज्याची असेल त्याने याच्या वाटेला जावे.

थोडक्यात, खाऱ्या आणि काळ्या वाळूसाठी अनेक वारंवारतांचे, पाण्यात चालणारे यंत्र पहिले. वाळू फारच काळी असेल आणि अंगात चिकाटी असेल तर स्पंदन यंत्र दुसरे. एका वारंवारतेचे यंत्र ओल्या समुद्रवाळूसाठी घेऊ नये.

चकती इंग्रजी डी हे अक्षर पाठीला पाठ लावून बसवल्यासारख्या रचनेची असावी. तिला डबल डी म्हणतात. खनिजयुक्त जमिनीत ती कमी गोंधळते. मोठी चकती खोलवर पाहते, परंतु जास्त वाळूचा गोंधळही ओढून घेते. काळ्या वाळूत मध्यम चकती बरी. लाटांच्या आवाजात बारीक आवाज ऐकू यावा म्हणून हेडफोन हवाच.

खोलीविषयी जाहिराती काहीही सांगोत, एक अंगठी वीतभर, फार तर दीड वीत खोल सापडली तर यंत्र उत्तम समजावे. अंगठी हे बंद कडे असल्याने तिचा आवाज चांगला येतो. गळ्यातील नाजूक साखळीची प्रत्येक कडी मात्र यंत्राला वेगळी आणि लहान दिसते. वजनाने अंगठीएवढी असूनही साखळी निसटते. पोत तुटून पडली तर मण्यांचा आवाज येणार नाही, वाट्यांचा कदाचित येईल.

कर्जतला बसून परीक्षा

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचा आशय आपण सर्व जाणतो. ऐकीव आहे, मोठा माणूस सांगतो, म्हणून खरे मानू नये, स्वतः तपासावे. यंत्राच्या बाबतीत ही तपासणी घरी करता येते.

जुन्या स्पीकरमधला चुंबक कागदात गुंडाळून सीनेच्या किंवा ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवावा. कागदाला काळी धूळ चिकटेल. तीच ती खनिजयुक्त धूळ. ती पुष्कळ गोळा करून वाळूत मिसळावी. दहा लिटर पाण्यात 350 ग्रॅम मीठ विरघळवून ती वाळू चांगली भिजवावी. झाला आपला समुद्र तयार. ही वाळू प्लॅस्टिकच्या पाच सारख्या पाट्यांमध्ये भरावी. लोखंडी घमेले चालणार नाही, आणि सळया घातलेल्या स्लॅबवर किंवा विजेच्या तारेखालीही प्रयोग करू नये. मोकळे रान बरे.

आता एकाने एका पाटीत अंगठी पुरावी आणि दूर जावे. कोठे पुरली हे यंत्र चालवणाऱ्याला ठाऊक नसावे, आणि पुरणारा समोर उभाही नसावा. असे दहा वेळा करावे आणि उत्तरे वहीत लिहावी. नुसत्या अंदाजाने सांगणाराही दहापैकी सुमारे दोनदा बरोबर येतो. तेव्हा यंत्र त्याहून पुष्कळ पुढे गेले पाहिजे. नंतर अंगठीच्या जागी खिळा, गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा आणि एक रुपयाचे पोलादी नाणे ठेवून आवाजातला फरक ऐकावा.

पाटीतला समुद्र खऱ्या समुद्राएवढा कठीण नसतो. म्हणून येथे नापास झालेले यंत्र निश्चित टाकावे. येथे पास झालेले यंत्र किनाऱ्यावर पुन्हा तपासावे. विक्रेता अशी परीक्षा घेऊ देत नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

बॅटरीशिवायचे "यंत्र" आणि गुप्तधनवाले

मुठीत धरायची, पुढे तार असलेली, शंभर फुटांवरचे सोने दाखवते असे सांगितली जाणारी उपकरणेही विकली जातात. हातात धरले की तार आपोआप वळते. आपल्या दुष्काळी भागात बोअरची जागा दाखवणारा पाणाडी तळहातावर नारळ घेऊन किंवा दुबेळक्याची काडी धरून फिरतो, त्यातलाच हा प्रकार. मनात जागा ठरली की स्नायू नकळत हलतात आणि तार वळते. ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिक याने गोल्फचा चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून असेच उपकरण बनवले आणि बाँब शोधण्याचे यंत्र म्हणून इराकला विकले. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या खेळण्याच्या भरवशावर राहिलेल्यांचे प्राण मात्र परत आले नाहीत. वरील पाच पाट्यांची परीक्षा अशा उपकरणाला पाच मिनिटांत उघडे पाडते.

यंत्राबरोबर एखादा मांत्रिक "पूजा करावी लागेल" म्हणत आला तर सरळ पोलीस ठाणे गाठावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्याखाली गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

सापडले, पण कोणाचे?

समजा यंत्र खरे निघाले आणि अंगठी सापडली. ती कोणाची? कायदा स्पष्ट आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मालक माहीत असताना, किंवा त्याचा वाजवी शोध न घेताच ती वस्तू स्वतःची करून टाकणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा ठरतो. जवळच्या पोलीस ठाण्यात वस्तू जमा करून लेखी पावती घ्यावी. किनाऱ्यावर यंत्र घेऊन उतरण्यापूर्वी तेथील पालिका किंवा ग्रामपंचायत व पोलिसांना विचारावे, हेही शहाणपणाचे.

जमिनीत पुरलेले जुने धन सापडले तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हिस्साही जातो.

आपल्यासाठी कायद्याच्या आधी शील आहे. जे दिलेले नाही ते घेऊ नये हे पंचशीलातील दुसरे शील. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. 6 डिसेंबरच्या गर्दीत दादरच्या वाळूत पडलेले डोरले हे गुप्तधन नव्हे. मोलमजुरी करून ते घडवणारी कोणी माउली घरी जाऊन रडत असेल. यंत्र ज्याच्या हाती असेल त्याने तिच्यासाठी ते चालवावे.

लेणी आणि स्तूपांच्या परिसरात तर हे यंत्र नेऊच नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खोदणे 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो वारसा आपलाच आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी समुद्राजवळच्या नाला सोपारा येथील स्तूप शास्त्रशुद्ध रीतीने उघडला. आत दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे 13 बारीक तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. ज्यांनी तो स्तूप बांधला त्यांनी सोने हे केवळ झाकण म्हणून वापरले होते. सोन्यासाठी खोदणाऱ्या चोराच्या हाती तो पडला असता तर करंडक वितळला असता आणि ते तुकडे कचऱ्यात गेले असते.

हिशेब

आता सारे एकत्र मांडू. यंत्राची किंमत, प्रवास, भरती-ओहोटी पाहून मोडणारे दिवस ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला बुचे, खिळे, पोलादी नाणी आणि क्वचित एखादा दागिना, जो आधी मालकाला शोधून द्यायचा आहे. यावर कर्जाचा हप्ता फिटत नाही. म्हणून कर्ज काढून किंवा डोरले गहाण ठेवून हे यंत्र घेऊ नये, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. बचत गटातील भगिनींनी अशा कर्जाला नकार द्यावा. तो नकार घर वाचवणारा आहे.

मात्र ज्ञानाला किंमत पडत नाही. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा आपला मुलगा किंवा मुलगी थोड्या खर्चात साधा धातुशोधक स्वतः बनवू शकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो मांडावा. शेजारी मिठाच्या वाळूच्या पाच पाट्या ठेवाव्यात आणि गावातील वडीलधाऱ्यांना दाखवावे की खरे यंत्र कसे तपासतात आणि खोटे कसे पकडतात. एका घराचे डोरले त्यामुळे सोनाराकडे जायचे राहिले, तरी त्या यंत्राने सोने शोधलेच म्हणायचे.

जयभीम.